कोर्टाची पायरी आणि आमची मुले

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्या घराघरांत वेदवाक्यासारखी उच्चारली जाते. आम्हीही ती लहानपणापासून ऐकली आणि, कबूल केले पाहिजे, धर्मगुरू झाल्यावर अनेकांना ऐकवली. आज मात्र तिच्याविरुद्ध लिहिण्यासाठी लेखणी हाती घेतली आहे. पायरी चढायची की नाही हे ठरवण्याची मोकळीक ज्याला आहे, त्याच्यापुरती ही म्हण ठीक आहे. बीड जिल्ह्यातल्या गरिबाच्या पोराला ती मोकळीक कुठे असते? त्याला ओढत त्या पायरीवर नेले जाते, आणि तिथे उभे राहून काय बोलावे हे त्याला कुणीच शिकवलेले नसते.

काही वर्षांपूर्वी रात्री अकराच्या सुमारास एक माउली आमच्या दारात आली. मोटारसायकलच्या चोरीच्या संशयावरून तिच्या मुलाला उचलून नेले होते. "फादर, साहेबांना तेवढा एक फोन करा," एवढीच तिची विनवणी होती. आम्ही फोन केला. मुलगा सुटला. माउलीने आमचे पाय धरले आणि आम्हीही मनातून सुखावलो. पुढे विचार करताना त्या सुखाची लाज वाटू लागली. मुलगा सोळा वर्षांचा होता. त्याला कोठडीत ठेवण्याचा अधिकार कायद्याने कुणालाच नव्हता. जे त्याचे हक्काचे होते, ते आम्ही त्याला भीक म्हणून मिळवून दिले. ज्याच्या आईला फादरांचे दार ठाऊक नाही, त्याचे काय?

निरानाराम नावाच्या मुलाची कथा वाचकांनी मन घट्ट करून ऐकावी. पुण्यात १९९४ साली एका कुटुंबातील सात जणांची निर्घृण हत्या झाली. त्यात पकडलेल्या राजस्थानच्या या मुलावर नारायण या नावाने, सज्ञान म्हणून खटला चालला आणि १९९८ साली त्याला फाशीची शिक्षा झाली. गुन्ह्याच्या वेळी तो अवघा साडेबारा वर्षांचा होता, हे गावच्या शाळेच्या नोंदीवरून सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या मार्चमध्ये मान्य केले. तोवर तुरुंगात अठ्ठावीसहून अधिक वर्षे गेली होती. त्या वयाच्या मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते. गुन्हा भयंकर होता आणि त्याचे समर्थन कुणीही करणार नाही. परंतु शाळेच्या दप्तरातील एक ओळ वेळेवर न्यायालयापुढे आली नाही, म्हणून एक बालक फाशीच्या छायेत प्रौढ झाले.

आता आपल्या घरांकडे वळू. बीडची हजारो कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुले उसाच्या फडाशेजारी, कोपीत जन्मतात. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच करावी लागते, आणि कोयता घेऊन पहाटे निघणाऱ्या बापाला परक्या गावचे ग्रामपंचायत कार्यालय कुठले सापडायला? मग शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजाने लिहितात : १ जून. एका वर्गात निम्म्या मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी यावा, याचे आपल्याला हसू येते. पण बाल न्याय अधिनियम, २०१५ वय ठरवताना आधी शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला पाहतो, तो नसेल तर महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यांपैकी काहीच नसेल तेव्हाच हाडांची वैद्यकीय तपासणी. आपल्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीचे नाव या यादीत नाही, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. ज्या तारखेला आपण हसतो, त्या तारखेवर उद्या मुलगा बाल न्याय मंडळापुढे जाणार की थेट तुरुंगात, हे ठरते.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. चालवणारा सतरा वर्षांचा, श्रीमंताघरचा मुलगा. त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राबरोबर आमच्या धर्मग्रामातही संताप उसळला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचे उघडकीस आले. त्या लबाडीवरचा संताप योग्यच होता. परंतु जामिनावरचा राग आम्हाला चुकीच्या दिशेने गेलेला वाटतो. बालकाला जामीन देणे हा कायद्याचा नियम आहे आणि नाकारणे हा अपवाद. अन्याय आहे तो हा की, तोच नियम ऊसतोड्याच्या मुलाला कुणी सांगत नाही. श्रीमंताच्या मुलाचा हक्क हिरावून गरिबाला न्याय मिळत नसतो. तोच हक्क गरिबापर्यंत पोहोचवावा लागतो.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "पोरांना कायदा शिकवाल तर ती उद्धट होतील, पोलिसांना उलटून बोलतील." त्यांना आम्ही संत पौलाची आठवण करून देतो. यरुशलेमेत फटके मारण्यासाठी त्याला बांधले, तेव्हा तो मुकाट्याने पाठ देऊन राहिला नाही. दोषी ठरवल्यावाचून रोमी नागरिकाला फटके मारणे कायद्याला धरून आहे काय, असे त्याने शताधिपतीला विचारले आणि फटके तिथेच थांबले. पौलाला कुणी उद्धट म्हणत असेल, तर आमच्या मुलांनीही खुशाल तसे उद्धट व्हावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : कायदा माहीत असून तरी काय उपयोग? आपल्या शेजारच्या परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत मृत्यू पावलेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचाच विद्यार्थी होता. होय, या प्रश्नाने आम्हीही रात्री जागून काढल्या आहेत. ज्ञान म्हणजे चिलखत नव्हे. पण त्याची माता रडून घरी बसली नाही. ती उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाची पायरी चढली. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. त्या माउलीने आपली म्हण खोटी पाडली आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. दृढीकरणाच्या वर्गात आमची मुले धर्माज्ञा पाठ करतात. त्याच वर्गात त्यांनी या चार गोष्टीही पाठ कराव्यात. अटकेचे कारण जाणून घेण्याचा आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या २२ व्या कलमाने दिला आहे, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केलेच पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलाला कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब गुन्ह्याचा पुरावा ठरत नाही. आणि बालकांना, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना व कोठडीतील माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० हा दूरध्वनी क्रमांक फिरवावा.

पालकांनी एवढे करावे : मूल कुठेही जन्मो, एकवीस दिवसांच्या आत नोंद करून दाखला घ्यावा आणि शाळेत तीच तारीख लिहवून घ्यावी. राहिला आमचा दूरध्वनी. मध्यरात्री दार ठोठावणाऱ्या माउलीसाठी आम्ही तो आजही उचलू. मात्र साहेबांची मर्जी मागण्यासाठी नव्हे, मुलाला वकील मिळवून देण्यासाठी. आणि पहाट होताच तिच्यासोबत कोर्टाची पायरी चढू.