दफनभूमीतली एकी पुरेशी नाही

शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट आहेत, लोकमान्यांचे सहकारी आणि कामगारांचे पुढारी काका बॅप्टिस्टाही आहेत. कॅथलिक, प्रोटेस्टंट, गोवेकर, ईस्ट इंडियन, मराठी अशी सगळी माणसं इथे एकाच मातीत आहेत. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, इथे झेंडू आणि मेणबत्त्या घेऊन गर्दी होते. घरच्यांच्या कबरीवरचं गवत उपटून झालं की कुणीतरी शेजारच्या बेवारस कबरीवरही एक मेणबत्ती लावतं. जिवंतपणी मात्र हीच माणसं एकमेकांच्या उपासनेला क्वचितच जातात.

यावर पहिला युक्तिवाद ठरलेला: श्रद्धा ज्याची त्याची, देव आणि मी यांच्यामध्ये मंडळी कशाला? पण येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत देव ‘आमचा’ बाप आहे आणि भाकरही ‘आमची’ मागायची आहे. एकट्याने म्हटली तरी ती प्रार्थना अनेकवचनीच राहते.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. भाषा एक, गाव एक, जात एक असेल तरच मंडळी टिकते, असं अनुभवी माणसंही सांगतात. धोबीतलाव-माझगावच्या कुडींकडे, म्हणजे गोव्याच्या एकेका गावाने चालवलेल्या वसतिघरांकडे, पाहिलं की ते खरंही वाटतं. बोटीवरची नोकरी शोधत आलेल्या गोव्याच्या पोराला गावच्या कुडीने छप्पर दिलं, रोज संध्याकाळच्या रोझरीला बसवलं. त्या उपकाराचं मोल मोठं आहे. पण परक्या गावच्या पोराने कुणाचं दार ठोठवायचं?

यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत हाच प्रश्न उभा राहिला होता. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जात होतं. प्रेषितांनी भाषावार दोन मंडळ्या केल्या नाहीत. वाटपासाठी सात जण निवडले गेले आणि सातांचीही नावं ग्रीक होती! ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती कारभार. करिंथकरांना पौलाने झापलं तेही पंगतीवरूनच: श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, अशा जेवणाला तो प्रभुभोजन म्हणायलाच तयार नव्हता.

महाराष्ट्रात सगळ्यांना सामावणाऱ्या मंडळीची ही गरज ओळखली कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी. १९१७ साली साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही जागा होती. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मिशन-परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. घटना एक झाली, पण पंगत एक झाली का, याचं उत्तर प्रत्येक मंडळीने आपल्यापुरतं द्यावं.

माझी वडीलमंडळांना विनंती आहे. यंदाच्या अंदाजपत्रकात रंगकामाआधी विधवांचा आणि आजाऱ्यांचा खर्च लिहा. शिवडीचं क्षयरोग रुग्णालय दफनभूमीपासून लांब नाही. तिथे खाटेवर पडलेला माणूस कुठल्या मिशनचा, हे विचारण्याआधी त्याच्या डब्याची सोय करा.