गाण्याचा सातबारा कुणाच्या नावावर?

यंदाच्या श्रावणातली गोष्ट. आमच्या मंडळाने मंगळागौरीच्या गाण्यांची छोटीशी पुस्तिका छापली. फुगडी, झिम्मा, पिंगा सगळं त्यात. छान रंगीत मुखपृष्ठ, मागे जाहिराती. पान उलटता उलटता मी एका गाण्यापाशी थांबले. आमच्या गल्लीतल्या काकूंचं फुगडीचं गाणं! पाटल्या गावाला जातात आणि परतच येत नाहीत, असं ते गाणं. आम्ही सगळ्याजणी ते म्हणताना दर वर्षी खो खो हसतो. गाण्याखाली कंसात एकच शब्द छापला होता, ‘पारंपरिक’.

मला जरा खटकलं. काकू तर चांगल्या समोर बसून वाती वळत होत्या! मी म्हटलं, ‘काकू, अहो हे तुमचं गाणं ना?’ त्या म्हणाल्या, ‘जाऊ दे गं, नावाचं काय लोणचं घालायचंय?’ विषय तिथेच संपला. म्हणजे मला वाटलं, संपला.

त्याच आठवड्यात लेक राखीला घरी आली होती. तिला अमेरिकेतली गावाकडची गाणी ऐकायचा नाद आहे. मोबाइलवर गिटार, फिडल, बॅंजो असं काहीबाही चालू असतं. तिकडे याला ‘रूट्स म्युझिक’ म्हणतात, म्हणजे मुळांचं संगीत. अलीकडे ‘अमेरिकेना’ असंही नाव आहे. डोंगरातल्या गोऱ्या शेतकऱ्यांची गाणी, काळ्या मजुरांचे ब्लूज, चर्चमधली भजनं, सगळ्यांची त्यात सरमिसळ. मी पोळ्या लाटत होते. लेक म्हणाली, ‘आई, या लोकांचं मला काय आवडतं माहितीये? गाण्याआधी ते सांगतात, हे गाणं कुठून आलं ते.’ आणि मग तिने एकेकीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. पोळ्या संपल्या, तरी गोष्टी संपेनात.

लोरेटा लिन ही केंटकी राज्यातल्या डोंगरातली. जन्म 1932 चा. वडील कोळशाच्या खाणीत कामाला, घरात आठ भावंडं. पंधराव्या वर्षी लग्न, विशीतच चार मुलं. नवऱ्याने सतरा डॉलरची गिटार आणून दिली आणि ही पाटीवर न शिकता गाणं शिकली. ‘कोल मायनर्स डॉटर’, म्हणजे खाणकामगाराची लेक, हे तिचं 1970 चं गाणं. त्यात वडिलांची खाण आहे आणि कपडे घासून सोललेली आईची बोटंही आहेत. गाणं इतकं लांबलं, की रेकॉर्डवर मावावं म्हणून तिला काही कडवी कापावी लागली. स्वतःच्या लहानपणाची कडवी कापायची म्हणजे काय, ते जिने घर बदलताना माहेरचं सामान टाकून दिलंय तिलाच कळेल.

याच लोरेटाने 1975 मध्ये ‘द पिल’ हे गाणं आणलं. वर्षाआड बाळंतपण करून दमलेली बाई आता गोळी घ्यायला लागली आहे आणि नवऱ्याला तसं ठणकावून सांगते आहे, असा त्याचा विषय. कितीतरी रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. पण लोरेटा मागे हटली नाही. हे गाणं तिने एकटीने लिहिलेलं नव्हतं, पण त्यामागचं जगणं तिचं होतं. माझ्या वेळी ही गोळी असती तर मीही घेतली असती, असं ती बिनधास्त सांगायची. 2022 मध्ये, नव्वदाव्या वर्षी ती गेली.

दुसरी डॉली पार्टन. टेनेसी राज्यातली, बारा भावंडांतली चौथी. लहानपणी तिच्या आईने चिंध्या जोडून तिला कोट शिवला होता. शिवता शिवता बायबलमधल्या योसेफाच्या रंगीबेरंगी अंगरख्याची गोष्ट सांगितली होती. पोर मोठ्या ऐटीत तो कोट घालून शाळेत गेली आणि सगळी मुलं तिला हसली. या आठवणीवरचं गाणं तिला 1969 मध्ये बसच्या प्रवासात सुचलं. जवळ कागद नव्हता, म्हणून लॉंड्रीच्या पावतीवर तिने ते लिहून काढलं. आपण नाही का दुधाच्या हिशेबाच्या वहीत उखाणा लिहून ठेवत, तसंच! 1971 मध्ये ते रेकॉर्ड झालं. डॉलीचं ‘जोलीन’ तर जगभर गाजलं. त्याची गोष्ट ती हसत हसत सांगते. तिच्या नवऱ्याच्या फार पुढे पुढे करणारी बॅंकेतली एक लाल केसांची बाई, आणि सही घ्यायला आलेल्या एका लहान मुलीचं गोड नाव. दोन्ही मिळून गाणं झालं.

आता कुणी म्हणेल, गाणं ऐकावं आणि सोडून द्यावं. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, असं आपल्याकडे म्हणतातच. मलाही आधी तसंच वाटायचं. कलावंताच्या खासगी आयुष्यात आपण कशाला डोकवायचं? पण लेकीने एलिझाबेथ कॉटनची गोष्ट सांगितली आणि माझं मत बदललं.

एलिझाबेथ ही उत्तर कॅरोलायना राज्यातल्या कारबरो गावची काळी मुलगी. जन्म एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा. लोकांच्या घरी कामं करून साठवलेल्या पैशांतून तिने पावणेचार डॉलरची गिटार घेतली. ती डावखुरी होती, म्हणून गिटार उलटी धरून आपली आपणच वाजवायला शिकली. घराजवळून रेल्वेचे रूळ जायचे. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मालगाडीचा आवाज ऐकायचा. त्यावरून अकरा-बारा वर्षांच्या या पोरीने ‘फ्रेट ट्रेन’ हे गाणं रचलं. मग लग्न झालं, मूल झालं. चर्चमधल्या लोकांना असली गाणी पसंत नव्हती. गिटार कोपऱ्यात गेली ती कित्येक वर्षं.

पुढे वॉशिंग्टनमध्ये एका दुकानात काम करताना तिला एक चुकलेली मुलगी सापडली. तिला आईकडे सुखरूप पोचवलं. ती आई म्हणजे रूथ क्रॉफर्ड सीगर, स्वतः संगीतकार आणि लोकगीतांची अभ्यासक. त्या घरी एलिझाबेथ कामाला लागली. स्वयंपाक, धुणं, इस्त्री. भिंतीवर टांगलेली गिटार पाहून हात शिवशिवले आणि तिने ती काढून वाजवली. घरातली मुलं थक्क! घरातल्या मुलाने, माइक सीगरने, तिची गाणी रेकॉर्ड केली आणि 1958 मध्ये तिचा पहिला अल्बम आला. तेव्हा ती साठीच्या घरात होती.

पण मधल्या काळात काय झालं? लहानपणी दुकानात चुकलेली ती मुलगी, पेगी सीगर, मोठी होऊन इंग्लंडला गेली. तिथे ती हे गाणं प्रेमाने म्हणायची. दुसऱ्या कुणी ते ऐकलं आणि दोन पुरुषांच्या नावावर त्याचा हक्क नोंदवला गेला. 1957 मध्ये ते इंग्लंडमध्ये तुफान चाललं. आणि जिचं गाणं, ती इकडे लोकांच्या घरी इस्त्री करत होती! पुढे प्रयत्न झाले, तिच्या नावाची नोंद झाली. 1985 मध्ये, नव्वदीत, तिला ग्रॅमी मिळालं. दोन वर्षांनी ती गेली.

मैत्रिणींनो, मला सांगा, नदीचं मूळ विचारलं नाही तर काय होतं? कुणीतरी दुसराच पाणी आपल्या नावावर करून घेतो. ‘हे गाणं माझ्या घरामागच्या रुळांवरून आलं’ असं सांगता येणं, हा त्या गाण्याचा सातबारा आहे. आणि बाईच्या नावावर सातबारा व्हायला किती पिढ्या जातात, हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको.

नाव धरून ठेवणं सोपं नसतं. डॉलीने 1973 मध्ये लिहिलेलं ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ हे एल्विस प्रेस्लीला गायचं होतं. केवढा मोठा गायक! पण त्याच्या मॅनेजरने गाण्याच्या हक्कातला अर्धा वाटा मागितला. डॉलीने नाही म्हटलं. त्या रात्री आपण खूप रडलो, असं तिनेच सांगितलं आहे. लोकांनी वेड्यात काढलं. पुढे 1992 मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने तेच गाणं सिनेमासाठी गायलं, आणि त्याने डॉलीला भरभरून दिलं. नाही म्हणायची हिंमत जमली, कारण ते गाणं कशातून आलं हे तिला पक्कं माहीत होतं. आपल्याला पुढे आणणाऱ्या माणसाची साथ सोडताना तिने ते लिहिलं होतं.

आजच्या गायिका तर आणखी पुढे गेल्या आहेत. उत्तर कॅरोलायनाचीच रिअॅनन गिडन्स बॅंजो वाजवते. बॅंजोचं मूळ आफ्रिकेत आहे, हे ती लोकांना पुन्हा पुन्हा आठवण करून देते. गुलामगिरीच्या काळातली एक जुनी जाहिरात तिच्या वाचनात आली. बावीस वर्षांची बाई विकणे आहे, सोबत नऊ महिन्यांचं बाळ आहे, ते घ्यायचं की नाही ही खरेदीदाराची मर्जी! त्या बाईचं नावही कुठे नाही. रिअॅननने तिच्यावर गाणं केलं आणि 2017 च्या अल्बममध्ये ते पहिलंच ठेवलं. जिला स्वतःची गोष्ट सांगता आली नाही, तिची कुणीतरी सांगायला हवी ना?

मॉंट्रियलची अॅलिसन रसेल. दत्तक बापाच्या अत्याचाराला कंटाळून पंधराव्या वर्षी घर सोडून पळाली. 2021 च्या ‘आउटसाइड चाइल्ड’ या अल्बममध्ये तिने ते सगळं गायलं. पण केव्हा? कित्येक वर्षांनी, स्वतः आई झाल्यावर, तिला वाटलं तेव्हा. हेही मला महत्त्वाचं वाटतं. गाण्यामागची गोष्ट सांगायचा हक्क जसा बाईचा, तसाच न सांगायचाही तिचाच. आपण प्रेमाने विचारावं. तिने मान हलवली तर गप्प बसावं. खोदून खोदून विचारणं ही चौकशी झाली, मैत्री नाही.

आपल्याकडे हे काम झालेलंच नाही असंही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाहून जास्त! आणि गाणारणीचं नाव, गाव यांचीही नोंद ठेवली. मला वाटतं, त्या नोंदी ओव्यांइतक्याच मोलाच्या आहेत. ‘पारंपरिक’ हा शब्द वाईट नाही. पण त्या शब्दाच्या पदराआड किती आया, माम्या, आत्या दिसेनाशा झाल्या असतील, याचा हिशेब कोण ठेवणार?

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन काकूंकडे गेले. म्हटलं, ‘काकू, पाटल्यांचं गाणं कधी सुचलं हो?’ काकूंनी चहा टाकला. म्हणाल्या, ‘72 च्या दुष्काळात आईच्या पाटल्या विकल्या. आई खडी फोडायला जायची. मी विचारायचे, पाटल्या कुठेयत? ती म्हणायची, गावाला गेल्यात, येतील. मी सोळा वर्षांची होते, मला काय कळत नव्हतं का? पण तिला बरं वाटावं म्हणून मी त्याचं गाणं केलं. ती हसली. दुष्काळात एवढंच काय ती हसली.’

मी इतकी वर्षं त्या गाण्यावर फुगडी घालते आहे हो! आणि एकदाही विचारलं नव्हतं.

माझ्या पुस्तिकेत मी ‘पारंपरिक’ शब्दावर काट मारून काकूंचं नाव लिहिलं. त्यांच्या आईचंही लिहिलं. मंडळाला सांगितलंय, पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत नावं छापायची. बघू, ऐकतात का ते. तोवर तुम्ही एक करा. आईला, सासूबाईंना, शेजारच्या आजींना एकदा विचारा, हे गाणं तुम्हाला कुठे सुचलं? ‘नावाचं काय लोणचं घालायचंय’ असं म्हणाल्या, तरी वही उघडीच ठेवा. चहा होईपर्यंत तरी थांबा.