मित्रासोबत म्हातारं होणं

वय वाढू लागलं की माणूस कमाईचा हिशेब मांडतो. घर झालं, नोकरी झाली, मुलांची शिक्षणं झाली. या हिशेबात चाळीस वर्षं टिकलेल्या मित्राची नोंद बहुतेकदा राहून जाते. अम्मी-अब्बा गेल्यावर आपल्या बालपणाचा साक्षीदार तोच उरतो, शाळेतल्या टोपणनावानं हाकही तोच मारतो.

बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख, आणि वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९४४ साली द. ना. गवाणकरांसोबत लाल बावटा कलापथकात एकत्र आले. वेगवेगळ्या जाती-धर्मांची ही माणसं गिरणी कामगारांसाठी गायली, संयुक्त महाराष्ट्रासाठी गायली. १९६९च्या जुलैत अण्णा भाऊ गेले, ऑगस्टमध्ये अमर शेख. दोघांनीही साठी पाहिली नाही. मित्रासोबत म्हातारं होणं गृहीत धरता येत नाही. ती नेमत आहे आणि नेमतीचा शुक्र अदा करायचा असतो.

आज एका फॉरवर्डवरून शाळासोबती ग्रुप सोडतात, मग ईद-दिवाळीचं येणंजाणंही थांबतं. दोस्तांनो, वाद जरूर घाला. पण वादापायी बोलणं तोडू नका. ज्याच्याशी मत जुळत नाही, त्याची आई आजारी असेल तर दवाखान्यात रात्रभर बसायला जा. मैत्री अशा रात्रींवर टिकते. तुमच्या साठीतला सोबती आज विशीत आहे. रुसवा असेल तर पहिला फोन तुम्हीच करा.