ध्वजदिनाचा डबा आणि शिपायाचें घर

दरवर्षीं डिसेंबर उजाडला कीं आम्हां खेड्यांतल्या मास्तरांच्या हातीं कागदी झेंड्यांचा गठ्ठा आणि एक डबा येतो. ७ डिसेंबर हा सैन्याचा ध्वजदिन. १९४९ सालापासून तो पाळला जातो. आगऱ्याचें पोर, कुंभाराचें पोर, ठाकूरवाडींतलें पोर, सर्व आपापल्या परीनें दोन-पांच रुपये आणतात. आम्ही पैसे मोजतों, पावती फाडतों, रक्कम वर धाडतों आणि मोकळे होतों. गेल्या खेपेस मात्र चौथींतल्या एका मुलीनें विचारलें, "गुरुजी, आमचे आजोबा पलटणींत होते. ह्यांतलें कांहीं आमच्या आजीला मिळतें कां?"

मिळतें. पण तें मिळतें हें त्या आजीच्या घरीं कोणाला ठाऊक नव्हतें. पनवेल तालुक्यांत अशीं घरें थोडीं नाहींत, म्हणून हा लेख.

वाचकहो, पलटणींत जातो कोण, हें आधीं पहा. ज्याच्या घरीं चार एकर खाचर आणि सहा खाणारीं तोंडें, तो जातो. ज्याच्या बापाचा धंदा यंत्रानें बुडवला, तो जातो. पनवेल एके काळीं गाड्यांच्या चाकांसाठीं नांवाजलेलें होतें. ट्रक आले, चाकें गेलीं, आणि सुताराच्या पोरानें पोटासाठीं दुसरी वाट धरली. देशप्रेम त्याच्या ठायीं नसतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण नुसत्या देशप्रेमावर चूल पेटत नाहीं, आणि भाषणें करणारांचीं मुलें भरतीच्या मैदानावर फारशीं दिसत नाहींत, एवढें म्हणण्यास हरकत नसावी.

आपल्या रायगड जिल्ह्याची ही जुनी रीत आहे. महाड तालुक्यांतील आंबवडें गांवाला लोक फौजी आंबवडेंच म्हणतात. माणगांव तालुक्यांतल्या पळसगांवचे नाईक यशवंतराव घाडगे १० जुलै १९४४ रोजीं इटलींत एकटे मशीनगनवर चालून गेले आणि तेथेंच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगांवांत त्यांचा पुतळा आहे. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर हे पलटणींतून पेन्शन घेऊन परतलेले गृहस्थ. परत येऊन ते घरीं स्वस्थ बसले नाहींत. अस्पृश्यतेविरुद्ध त्यांनीं लेखणी धरली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारनें महार समाजाची सैन्यांतली भरती बंद केली तेव्हां तिच्याविरुद्ध अर्ज लिहिला. सुभेदार रामजी सकपाळ पलटणीच्या शाळेचे हेडमास्तर होते. त्यांचा मुलगा पुढें देशाची घटना लिहिणारा झाला. म्हणजे पलटणीनें बहुजनांच्या घरांत पगाराबरोबर अक्षरहि आणलें. आम्हां शिक्षकांस ह्या गोष्टीचा अभिमान वाटतो. परंतु वलंगकरांना अर्ज लिहितां येत होता. ज्याला लिहितां येत नाहीं त्या शिपायाचें काय, हा प्रश्न तेव्हां होता आणि आजहि आहे.

आतां त्या आजीची गोष्ट. तिचा नवरा नऊ वर्षें नोकरी करून घरच्या अडचणीमुळें सुटून आला. शिपायास पेन्शन लागण्यास १५ वर्षें भरावीं लागतात. सबब पेन्शन नाहीं. पुढें तो वारला. गांवांतल्या शहाण्यांनीं तिला सांगितलें, "पेन्शन नाहीं म्हणजे कांहींच नाहीं." हें साफ खोटें आहे. ज्यांना पेन्शन नाहीं, वय ६५ च्या वर आहे, आणि हुद्दा हवालदारापर्यंतचा होता, अशा गरीब माजी सैनिकांस व त्यांच्या विधवांस केंद्रीय सैनिक बोर्ड दरमहा मदत देतें. ही मदत ४,००० रुपये होती. १ नोव्हेंबर २०२५ पासून ती ८,००० झाली आहे. पैसा कोठून येतो? ह्याच ध्वजदिनाच्या निधींतून. नातीनें डब्यांत टाकलेलें नाणें फिरून आजीकडे येण्याची वाट सरकारनें बांधून ठेवली आहे. त्या वाटेवर चालायला कोणी शिकवलें नाहीं इतकेंच.

त्याच निधींतून हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकाच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत शिक्षणासाठीं मदत आहे. पूर्वीं महिना १,००० होते, आतां २,००० आहेत. दोन मुलींच्या लग्नासाठीं, तसेंच विधवेनें पुन्हां लग्न केल्यास तिच्यासाठीं, ५०,००० होते ते १,००,००० झाले. (मुलीच्या लग्नाचे दुप्पट झाले म्हणून मांडव दुप्पट करूं नये, सावकाराचें देणें आधीं फेडावें.) पेन्शन नसलेल्यास औषधपाण्याची मदतहि बोर्डाकडे मागतां येते. वरच्या शिक्षणासाठीं पंतप्रधान शिष्यवृत्ति आहे ती वेगळी; तींत मुलास महिना २,५०० आणि मुलीस ३,००० मिळतात. मुलीला मुलापेक्षां अधिक, हें वाचून आम्हांस समाधान वाटलें.

ह्या सर्व अर्जांचें दार एकच आहे. तें म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याची कचेरी, आणि ती आहे अलिबागेस. पनवेलहून पेण, वडखळ करीत साठ-सत्तर किलोमीटर जावें, तेथें एक कागद कमी निघावा, आणि दिवस मोडून परत यावें. भाताच्या लावणींत किंवा झोडणींत ज्याचा एक दिवस बुडतो त्याला हा प्रवास काय पडतो हें शहरच्या माणसास सांगून कळणार नाहीं. बरें, अर्ज आतां संगणकावर भरावयाचा. पूर्वीं कुलकर्ण्याच्या दप्तरांत काय लिहिलें आहे तें रयतेला कळत नसे. आतां पासवर्ड कोणाच्या मोबाइलवर येतो तें कळत नाहीं. कारकून बदलला, रयतेची दशा तीच राहिली.

पेन्शनवाल्यांची कथाहि सरळ नाहीं. सैन्याचें पेन्शन पूर्वीं बँकेकडून वांटलें जाई. आतां तें 'स्पर्श' नांवाच्या व्यवस्थेंतून प्रयागराजच्या हिशेब-कचेरीच्या देखरेखीखालीं येतें. वर्षांतून एकदां आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. दाखल्यासाठीं यंत्रावर बोट ठेवावयाचें. आतां जिनें जन्मभर विळा धरला, भांडीं घासलीं, मिठागरांत राबली, तिच्या बोटाला ठसा उरतो कोठें? आमच्या शेजारच्या गांवची एक विधवा तीन वेळां यंत्रापुढें बसली, तिन्ही वेळां यंत्रानें तिला ओळखलें नाहीं, आणि तिचें पेन्शन थांबलें. ती खिडकीपुढें उभी असतां तिला जिवंत असल्याचा पुरावा मागितला! ती कोणती खिडकी तें आम्ही लिहीत नाहीं. अशा खिडक्या गांवोगांव आहेत. पण एक गोष्ट तिला कोणी सांगितली नाहीं, ती येथें सांगतों. आतां बोटाऐवजीं चेहरा दाखवून मोबाइलवरहि हा दाखला काढतां येतो. ज्या घरांत नातू दिवसभर मोबाइलवर चित्रें पाहत बसतो त्या घरच्या आजीचें पेन्शन अडूं नये.

ह्याहून मोठी अडचण नांवाची. शिपाई भरती झाला तेव्हां अविवाहित होता. पुढें सुटीवर येऊन लग्न केलें, बायकोचें नांव 'सखू' म्हणून लिहून दिलें. आधारकार्डावर ती 'सखूबाई', शाळेच्या दाखल्यावर माहेरचें नांव, आणि जन्मतारीख तिन्हीं ठिकाणीं तीन. नवरा जिवंत आहे तोंपर्यंत कोणाला त्याचें कांहीं वाटत नाहीं. तो गेला कीं मग धांवपळ. साधें कुटुंब-पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतें. तें महिना ९,००० च्या खालीं येत नाहीं आणि त्यावर महागाई भत्ता असतो. एवढी रक्कम एका अक्षरासाठीं वर्षवर्ष अडून पडते. तेव्हां माजी सैनिक बंधूंनो, आजच संध्याकाळीं ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक काढा, पेन्शनचा हुकूम काढा, त्यांत घरधनिणीचें नांव आहे कां, आधारकार्डाशीं जुळतें कां, तें पहा. वाचतां येत नसेल तर गांवच्या शाळेंत या. त्यासाठीं आम्ही कोणाकडून चहासुद्धां घेणार नाहीं. आणि हें काम मरणाच्या गोष्टी कशाला काढायच्या म्हणून टाळूं नका. जो शिपाई गोळीला भ्याला नाहीं त्यानें कागदाला भ्यावें हें शोभत नाहीं.

जातां जातां एक आठवतें. आपल्याच तालुक्यांतल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुण्यास लष्कराच्या हिशेबखात्यांत कारकून होते. आई अंथरुणाला खिळली असतां त्यांना वेळेवर रजा मिळाली नाहीं. त्या कचेरीचा राग पुढें कोणत्या थरास गेला तें सर्वांस ठाऊक आहे. कागद हलवणारांनीं हें ध्यानांत ठेवलेलें बरें.

घरपट्टीविषयीं पनवेलकरांस मुद्दाम सांगावयाचें आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं पनवेल महानगरपालिका झाली. खारघर, कळंबोली, कामोठें, नवीन पनवेल ह्या वसाहतींबरोबर भोंवतालचीं खेडींहि तिच्या पोटांत गेलीं, आणि ग्रामपंचायतीची किरकोळ घरपट्टी जाऊन महानगराचा कर आला. त्या करावरून येथें किती रान उठलें तें आम्ही उगाळीत नाहीं. परंतु २०२० सालीं राज्य सरकारनें माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा ह्यांना एका घराचा मालमत्ताकर माफ केला. शहरांत आणि ग्रामपंचायतींत, दोन्हीकडे. योजनेला बाळासाहेब ठाकरे ह्यांचें नांव आहे. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचा दाखला जोडून अर्ज करावा लागतो. बिल आपोआप कमी होऊन येत नाहीं. मागणाऱ्यालाच माफी मिळते. आमच्या पाहण्यांतले दोघे निवृत्त हवालदार वर्षानुवर्षें कर भरीत होते, आणि थकला तर नोटीस येईल म्हणून उसने काढून भरीत होते. आमची महानगरपालिकेस विनंती अशी कीं कराच्या बिलाच्या पाठीवर मराठींत दोन ओळी छापाव्या: ह्या घरांत माजी सैनिक किंवा सैनिकाची विधवा राहते काय? राहत असल्यास हा अर्ज करावा. शाई फारशी लागणार नाहीं.

आजारपणाचें थोडक्यांत सांगतों. पेन्शनवाल्या माजी सैनिकांसाठीं १ एप्रिल २००३ पासून 'ईसीएचएस' ही दवाखान्याची योजना आहे. कार्ड काढलें म्हणजे मोठ्या आजाराचा खर्च घरावर पडत नाहीं. सैन्याचें मोठें इस्पितळ 'अश्विनी' कुलाब्यास आहे. पनवेलहून लोकल धरून तेथें पोंचेपर्यंत म्हाताऱ्याचा अर्धा जीव जातो हें खरें, तरी कार्ड असावेंच.

नोकऱ्यांचें काय? राज्य सरकारच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांस १५ टक्के जागा राखीव आहेत. दहावी होऊन १५ वर्षें नोकरी केलेल्यास कांहीं जागांकरितां पदवीधर धरतात. पण पंचविशींतल्या पोरांबरोबर परीक्षेस बसायचें म्हणजे अभ्यास हवा, पुस्तक हवें, कोणी सांगणारा हवा. तें नसल्यामुळें सुभेदारापर्यंत चढलेला माणूस शेवटीं कोणा सोसायटीच्या फाटकापाशीं खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्या मोटारींना सलाम करतो. काम कोणतेंहि हलकें नाहीं. परंतु मधल्या ठेकेदारानें त्याच्या घामावर दलाली खावी हें आम्हांस सहन होत नाहीं. पुण्यास सरकारचें महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ आहे. तें 'मेस्को' ह्या नांवानें ओळखलें जातें आणि सुरक्षेचीं कामें तेंहि मिळवून देतें. ठेकेदाराकडे जाण्याआधीं तेथें नांव नोंदवावें. आपल्या तालुक्यांत नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्याचें उद्घाटन झालें. जमिनी आपल्या गेल्या. तेथल्या पहाऱ्यावर तरी आपले शिकलेसवरलेले शिपाई दिसावे, ही मागणी कांहीं भीक नव्हे.

आतां खरी काळजी. जून २०२२ मध्यें सरकारनें अग्निपथ योजना आणली. पोरगा चार वर्षें नोकरी करणार. शंभरांतले पंचवीस पुढें राहणार, पंचाहत्तर घरीं येणार. येतांना सुमारें पावणेबारा लाख रुपये हातांत पडतात, त्यांतलेहि निम्मे त्याच्याच पगारांतून कापलेले. पेन्शन नाहीं, ग्रॅच्युइटी नाहीं, आणि 'माजी सैनिक' हा दर्जाहि नाहीं. म्हणजे वर सांगितलेल्या बहुतेक दारांवर त्याची पाटी लागणारच नाहीं. पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस दाखल झाली. तिचीं चार वर्षें २०२६ च्या अखेरीस भरतात. केंद्रीय पोलीस दलांत त्यांना कांहीं जागा ठेवल्या आहेत, पण सर्वांचें पोट त्यांत भरेल असें आम्हांस दिसत नाहीं. तेविशीचा गडी, हातांत लाखांची रक्कम, आणि पनवेलसारखी जागा, जेथें जमिनीचे दलाल नाक्यानाक्यावर जाळें टाकून बसलेले! जमिनीच्या मोबदल्याचे पैसे मोटारींत, लग्नांत आणि हळदीच्या बाजांत कसे उडाले तें आपण आपल्या डोळ्यांनीं पाहिलें आहे. शिपायाचे पैसे त्याच मार्गानें जाऊं नयेत. बापानें ती रक्कम आल्याबरोबर घराचा दुसरा मजला चढवण्यास काढूं नये. पोराला आधीं दोन वर्षें शिकूं द्यावें, धंद्याची कला हातीं येऊं द्यावी. त्यानें बाहेर पाहिलेलें जग आपण पाहिलेलें नाहीं, त्याचें ऐकावें.

सरकारकडे आमचें मागणें मोठें नाहीं. सैनिक कल्याण कचेरीचा एक माणूस महिन्यांतून दोन ठराविक वारीं पनवेलच्या तहसिलींत बसावा, आणि तो वार गांवोगांव दवंडीनें, शाळेच्या फळ्यावर व मोबाइलवर कळवावा. परत येणाऱ्या अग्निवीरांची नोंद तालुक्यांत ठेवावी. आणि शाळांकडून ध्वजदिनाचा डबा परत नेतांना, गेल्या वर्षीं त्या निधींतून ह्या तालुक्यांतल्या किती घरांना काय मिळालें, त्याचा एक कागद आम्हांस द्यावा. तो आम्ही प्रार्थनेच्या वेळीं मुलांपुढें वाचून दाखवूं.

गांवकऱ्यांस सांगणें असें: येत्या रविवारपासून आमच्या शाळेच्या ओट्यावर सकाळीं आठ ते दहा आम्ही व एक निवृत्त नायब सुभेदार बसणार आहों. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा हुकूम, आधारकार्ड, बँकेचें पुस्तक आणि असल्यास मृत्यूचा दाखला घेऊन यावें. कागद भिजलेला, फाटलेला, उंदरानें कुरतडलेला असला तरी फेंकूं नये, तसाच आणावा.