तीन खाती, एक ताळेबंद

परीक्षेच्या ताणाने मुलीची पाळी लांबली, की घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, 'सगळे मनाचे खेळ!' पण हा खेळ शरीरातच चालतो. मेंदूतील हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच हे संप्रेरक थांबून थांबून, तालात स्रवते. त्यावर पीयूषिका ग्रंथी चालते, तिच्यावर बीजांडकोश. ताणाने तो ताल मंदावू शकतो. या संप्रेरकाची रचना १९७१ साली उलगडली. १९७७ साली गिलेमिन आणि शॅली यांना नोबेल मिळाले. बँकेत एका खात्यातली नोंद दुसऱ्यात उमटल्याखेरीज आमचा ताळेबंद जुळत नसे. पदव्युत्तर वर्गातही मज्जासंस्था, संप्रेरके आणि प्रजनन ही तीन सुटी खाती ठेवू नयेत. तिन्ही एकत्र शिकलेला डॉक्टरच त्या मुलीला आधी विचारील, 'बाळ, नीट जेवतेस ना? झोप लागते ना?'