चढणीवर गाडीचा दम कां तुटला?

२०२४ सालच्या भाद्रपदांत गौरी-गणपतींचें विसर्जन आटोपून आम्ही मंडळी चिपळुणाहून कऱ्हाडास परत निघालों होतों. गाडी २०१६ सालची, डिझेलवर चालणारी, सात आसनांची. आणि माणसेंही नेमकीं सातच. चाकावर आमच्या धाकट्या बंधूंच्या सूनबाई होत्या, शेजारीं आम्ही, आणि मागें मातोश्री, बंधू, भावजय व दोन मुलें. पोफळी मागें पडली, कुंभार्ली घाटाची चढण सुरू झाली, आणि कांहीं वळणें चढून गेल्यावर गाडीचा जोर एकाएकीं सरला. इंजिन बंद पडलें नव्हतें. परंतु अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी गाडी ओढीना. मागून भरलेला ट्रक गुरगुरत येत होता.

त्या क्षणीं आम्ही काय बोललों तें येथें नमूद करणें भाग आहे. "क्लच जाळलास!" असें आम्ही उद्गारलों, आणि घाटांत क्लचवर पाय ठेवून बसलें म्हणजे दुसरें काय होणार, अशी पुस्तीही जोडली. बंधूंनीं मागून दुजोरा दिला. (आम्हां दोघांपैकीं एकानेंही आयुष्यांत कधीं क्लचप्लेट डोळ्यांनीं पाहिलेली नाहीं, हें वाचकांपासून लपवीत नाहीं.) सूनबाईंनीं कांहींएक उत्तर न देतां चारी इशारादिवे लावले, ट्रकास वाट दिली, पहिल्या गिअरमध्यें गाडी रखडत पुढच्या रुंद जागीं आणली, हातब्रेक ओढला आणि बंधूंस चाकामागें दगड लावण्यास सांगितलें. मग त्यांनीं उष्णतेचा कांटा पाहिला आणि तेलाचा तांबडा दिवा लागलेला नाहीं याची खात्री केली. हा दिवा लागला असता, तर क्षणाचाही विलंब न करतां इंजिन बंद करावें लागलें असतें. तेथें दुसरा विचार नाहीं.

"अरे, गाडी ती हांकते आहे," मातोश्री मागून म्हणाल्या, "तिला काय दिसलें तें तरी विचार!"

"काका," सूनबाई म्हणाल्या, "क्लच गेला असता तर इंजिन ओरडलें असतें. आवाज वाढला नाहीं, उलट बसला. फेऱ्यांचा कांटाही वेगाच्या कांट्याबरोबरच खालीं आला. त्याआधीं पुढून फट्‌कन आवाज झाला होता, आणि मग पाय दाबला कीं नुसतें फुसफुसायचें. आरशांत काळा धूर दिसला."

आम्हीं हें ऐकून घेतलें आणि सोडून दिलें. थोड्या वेळानें इंजिन पुन्हां सुरू केलें तेव्हां जोर किंचित् परतला. मुंगीच्या पावलांनीं हेळवाक गांठलें, आणि कोयनानगर, पाटण करीत रात्रीं घरीं पोंचलों. जेवतांना ठरूनही गेलें कीं यापुढें घाटांत गाडी सुनेच्या हातीं द्यावयाची नाहीं. त्या वेळीं सूनबाई ताक वाढीत होत्या.

वस्तुतः त्यांच्या त्या चार वाक्यांत सारें निदान होतें. गाडीचा जोर गेला असें आपण म्हणतों, तेव्हां तीन निरनिराळ्या गोष्टी घडलेल्या असूं शकतात: जोर इंजिनांत उत्पन्नच होत नाहीं, उत्पन्न होतो, पण चाकांपर्यंत पोंचत नाहीं, किंवा चाकांपर्यंत पोंचतो आणि तेथें कोणीतरी तो खाऊन टाकतो. क्लच घसरूं लागला म्हणजे दुसरा प्रकार होतो. इंजिनाच्या फेऱ्या भरभर वाढतात, गाडी मात्र जागच्या जागीं, आणि जळका उग्र वास गाडीभर पसरतो. दोन्ही कांटे जोडीनें उतरले, तर इंजिन आणि चाकें यांची गांठ शाबूत आहे. दोष तिच्या अलीकडे किंवा पलीकडे शोधावा. पलीकडचा दोष म्हणजे बहुधा ब्रेक धरून बसणें. सपाटीवर गाडी गिअरमधून काढली तर ती लवकरच थबकते, आणि एका चाकाजवळ हात नेतांच (लावूं नये, पोळेल) इतरांहून अधिक धग जाणवते. अशी गाडी घाट उतरण्यास मुळींच नेऊं नये.

दोष इंजिनांतच आहे असें ठरलें, तर तें हवेसाठीं गुदमरतें आहे कीं इंधनासाठीं उपाशी आहे, हा पुढचा प्रश्न. डिझेलचा फिल्टर तुंबला, किंवा पावसाळ्यांत टाकींत पाणी गेलें, तर गाडी चढणीवर हिसके देते. सपाटीवर तीच गाडी बरी चालते. पेट्रोलच्या गाडींत ठिणगीचा तिसरा संशयित येतो. इंजिन मिसिंग करूं लागलें आणि इंजिनाचा पिंवळा दिवा उघडझांप करूं लागला, तर पाय हलका करावा. न जळलेलें पेट्रोल धुराड्यांतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरांत जाऊन तें महागडें यंत्र जाळून टाकतें.

आमच्या गाडींत टर्बो आहे. बाहेर पडणाऱ्या धुराच्या वेगानें एक चक्र फिरतें, तें दुसऱ्या चक्रास फिरवून हवा दाबतें. ही दाबलेली हवा रबरी नळींतून इंटरकूलरांत थंड होऊन इंजिनांत शिरते. ती नळी फाटली कीं हवा बाहेर फुसफुसते. आंत शिरलेली हवा मोजणारें यंत्र नळीच्या आधींच बसविलेलें असल्यामुळें, संगणकास हवा भरपूर आहे असें वाटतें. तो त्या मानानें डिझेल सोडतो, आणि तें अर्धवट जळून काळा धूर होतो. (२०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी गाळणारी योजना सर्रास असते, तेथें हा धूर दिसेलच असें नाहीं.) दाब भरत नाहीं असें लक्षांत आलें कीं संगणक इंजिनाचा जोर आपणहून आंवळून धरतो. मिस्त्री लोक यास 'लिंप मोड' म्हणतात. इंजिन बंद करून सुरू केल्यावर तो पुष्कळदां सुटतो, पण दोष तसाच राहतो. आमचा किंचित् परतलेला जोर तो हाच.

दुसऱ्या दिवशीं एका कारखान्यांत स्कॅनर लावला. पी ०२९९ असा संकेत आला आणि टर्बो बदलण्याचा सल्ला मिळाला. खर्चाचा आंकडा ऐकून बंधू खालींच बसले. या संकेताचा अर्थ मात्र इतकाच कीं, हवेचा दाब असावा तितका भरत नाहीं. कां भरत नाहीं, हें तो सांगत नाहीं. गाडी परत आणली. शेवटीं ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रींस बोलाविलें, तेव्हां त्यांनीं पहिलाच प्रश्न केला, "गाडी कोण चालवीत होतें?"

सूनबाईंस स्वयंपाकघरांतून बोलावलें. "फट्‌कन आवाज" हे शब्द ऐकतांच मिस्त्री गाडीखालीं निजले आणि इंटरकूलरच्या नळीच्या खालच्या अंगावरून बोट फिरवूं लागले. बोट तेलकट होऊन निघालें. बोटभर लांबीची चीर होती. इंजिन नुसतें चालूं असतां मिटलेली, आणि दाब भरतांच उघडणारी. नळी बदलली, क्लिपा आंवळल्या, काम झालें. क्लचला कोणी हातही लावला नाहीं.

घरांतला तो ठराव त्याच संध्याकाळीं मोडीत निघाला, आणि आम्हीं सर्वांदेखत सूनबाईंची क्षमा मागितली. त्या हंसल्या. परंतु पुढच्या खेपेस घाट लागण्यापूर्वीं त्यांनीं गाडी बाजूस घेतली आणि, "काका, आपण जरा मागें बसतां का?" असें अत्यंत अदबीनें विचारलें. तेव्हांपासून त्यांच्या शेजारीं मातोश्री बसतात.