पानगळीची रजा

आपल्या व्यवसायातील माणसाने प्रवासाला केव्हा निघावे, हे आजवर दोनच गोष्टी ठरवीत आल्या आहेत. एक मुलांच्या शाळेची सुटी आणि दुसरी वैद्यकीय परिषद. पहिलीमुळे आपण मे महिन्याच्या गर्दीत सापडतो. दुसरीमुळे एखाद्या मोठ्या हॉटेलचे सभागृह तीन दिवस पाहतो आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात ते गाव उरकून परततो. मुले शिकून बंगळूरला किंवा परदेशी निघून गेली तरी मे महिना काही सुटत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्यांना शक्य असेल त्यांनी एका वर्षी तरी आपली रजा झाडाच्या वेळापत्रकाप्रमाणे घ्यावी. काश्मीरच्या खोऱ्यात चिनार पिकतात तेव्हा, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत.

पाने पाहण्यासाठी एवढ्या दूर जावयाचे, ही कल्पना आम्हां माळव्यातील माणसांना थोडी परकी वाटते. त्याला कारण आहे. आपल्याकडे शरद ऋतू आहे, पण त्याचा पानगळीशी काही संबंध नाही. शरदात आपले आभाळ निवळते, नद्या नितळ होतात, कोजागरीचे दूध आटते. झाडे मात्र हिरवीगार असतात. पानगळ येते ती शिशिरात, माघ-फाल्गुनाच्या सुमारास, आणि तीही थंडीमुळे नव्हे तर पाण्याच्या ओढीमुळे. मांडवच्या वाटेवरचा साग किंवा पळस उन्हाळ्याच्या तोंडावर पाने टाकून देतो ती अंगातले पाणी वाचावे म्हणून. लाल रंगही आपल्याकडे जाणाऱ्या पानांना फारसा मिळत नाही, तो मिळतो येणाऱ्या पानांना. ज्याला महाराष्ट्रात कोशिंब म्हणतात त्या कुसुमाच्या झाडाची फाल्गुन-चैत्रातली पालवी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे सांगावयास नको. (ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी काश्मीरच्या आधी तेथे जावे, अंतर कमी आहे आणि तिकीट लागत नाही.) इंग्रजी पुस्तकांतील ‘ऑटम’चे भाषांतर आपण सर्रास ‘शरद’ असे करतो, ते म्हणूनच मला नेहमी खटकत आले आहे. काश्मिरी भाषेत या काळाला ‘हरुद’ म्हणतात. तो शब्दच आपण घ्यावा.

हरुदात पानांत जे घडते ते डॉक्टरांना तर विशेष रुचावे असे आहे. दिवस लहान होऊ लागले आणि रात्री गारठल्या की, झाड पानाच्या देठाशी पेशींचा एक थर तयार करते आणि हळूहळू पानाचा व्यवहार तोडत आणते. पण पान टाकून देण्यापूर्वी त्यातील नायट्रोजनसारखी मौल्यवान द्रव्ये परत खोडाकडे ओढून घेतली जातात. हरितद्रव्य मोडले जाते. तोवर त्याच्या आड दडलेली पिवळी कॅरोटिनॉइड द्रव्ये मग दिसू लागतात. ती आधीपासूनच तेथे असतात. लाल रंगाचे अँथोसायनिन मात्र बहुतांशी याच काळात नव्याने तयार होते. स्वच्छ उन्हाचे दिवस आणि गार, पण गोठवून न टाकणाऱ्या रात्री असा योग जुळला तर हा लाल रंग अधिक खुलतो. आभाळ सतत भरलेले राहिले तर तो फिका पडतो.

आता हरितद्रव्याचा रेणू आठवून पाहा. आपल्या हीमचा तो सख्खा भाऊ. तसेच चार पायरोलचे कडे. फक्त मध्यभागी लोहाऐवजी मॅग्नेशियम. झाड हे कडे उघडते आणि त्याचे जे अवशेष उरतात ते रचनेने आपल्या पित्तरंजकांच्या जवळचे असतात. मुका मार लागल्यावर जांभळी कातडी हिरवी होते, मग पिवळी पडते, हे आपण रोज पाहतो आणि रुग्णाला सांगतो की काळजी नको, उतरते आहे. चिनाराच्या पानातही अशाच जातीचे रसायन चाललेले असते. चाळीस वर्षे बिलिरुबिनचे आकडे वाचलेल्या माणसाला ते एखाद्या कवीपेक्षाही जवळचे वाटेल.

वेळेचे गणित मात्र नीट मांडावे लागते. आपली दिवाळी पंचांगाप्रमाणे पुढेमागे सरकते. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, तर २०२५ साली ते ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच आले. चिनार अधिक महिना मानत नाही. म्हणून ‘दिवाळीच्या सुटीत पाने पाहू’ असे ठरविणारे कधी हिरवी झाडे पाहून येतात, तर कधी ऐन बहरात पण ऐन गर्दीतही सापडतात. दिवाळी घरीच करावी, ती घरच्यांबरोबर करण्यासारखी गोष्ट आहे, आणि प्रवासाचा आठवडा स्वतंत्रपणे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात धरावा. त्यातही पहिला आठवडा अधिक भरवशाचा. उशीर करण्यात एक धोका आहे. २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच खोऱ्यात जोराचा हिमवर्षाव झाला. पाने अजून झाडावर असताना बर्फ पडले की त्याचा भार फांद्यांना पेलवत नाही. सफरचंदाच्या बागांचे त्या दोन्ही वर्षी अतोनात नुकसान झाले. प्रवाशाचे फार तर विमान चुकते, बागाईतदाराची मात्र झाडे जातात.

थोडे लवकर गेल्यास आणखी एक लाभ पदरात पडतो. श्रीनगरजवळ पांपोरच्या पठारावर केशर फुलते ते याच सुमारास, ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत. जमिनीलगत उमलणारी जांभळी फुले, त्यांतले तीन लाल तंतू, आणि पहाटेपासून ती खुडणारी कुटुंबे. एक किलो केशरास दीड लाखाच्या आसपास फुले लागतात. हे पाहिल्यावर श्रीखंडात केशर किती घालावे याविषयीची आपली मते बदलण्याचा संभव आहे.

माझा दुसरा आग्रह मुक्कामाविषयी आहे. सहा दिवसांत श्रीनगर, गुलमर्ग, पहलगाम, सोनमर्ग असा जो कार्यक्रम सहल कंपन्या आखून देतात तो पाने पाहणाऱ्याच्या कामाचा नाही. पान गाडीच्या काचेतून पाहावयाची वस्तू नव्हे. श्रीनगरातच चार-पाच दिवस राहावे. हजरतबलजवळ, काश्मीर विद्यापीठाच्या आवारात नसीम बाग आहे. मोगल काळापासूनची ही चिनारांची राई आहे. तेथे सकाळी नऊच्या सुमारास, धुके उठताना, एकदा जावे आणि दुपारी उन्हे तिरपी झाल्यावर पुन्हा जावे. एकाच झाडाचे दोन रंग दिसतील. जहांगीराने १६१९ मध्ये मांडलेली शालिमार बाग आणि त्यानंतर काही वर्षांनी आसफखानाने केलेली निशात बाग येथेही मोठाले चिनार आहेत, पण तेथे छायाचित्रे काढून घेणारांची दाटी अधिक. बडगाम जिल्ह्यातील चत्तरगाम येथला चिनार १३७४ साली लावला असे सांगतात. ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर अवघ्या ७८ वर्षांनी लावलेले ते झाड आजही पान गाळते.

श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर आहे. त्यामुळे विरळ हवेचा त्रास तेथे सहसा होत नाही, आणि वृद्ध आई-वडिलांना बरोबर नेण्यास ते सोयीचे. गुलमर्गची गोष्ट वेगळी. तेथील दोरवाटेचा पाळणा दुसऱ्या टप्प्यात माणसाला जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत थोड्याच वेळात नेऊन सोडतो. छातीत कळ येणारा एखादा गृहस्थ आपल्या ओळखीचा असेल तर त्याला पहिल्या टप्प्यावरच चहा पाजून परत आणावे. नोव्हेंबरात रात्रीचे तापमान शून्याच्या आसपास उतरते. पहाटे फिरावयास जाण्याची इंदुरी सवय तेथे आठ दिवस बाजूस ठेवावी. आणि बंद खोलीत गॅसची शेगडी किंवा कोळसा पेटता ठेवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडने होणारे मृत्यू काश्मीरच्या हिवाळ्यात दरवर्षी कानावर येतात. ही सूचना हॉटेलवाला देईलच असे नाही, म्हणून आपणच द्यावी.

कोळशाचा विषय निघालाच आहे. आपण ज्या पानांची छायाचित्रे काढतो ती पुढे कोठे जातात, हे पाहिल्याशिवाय परतू नये. नोव्हेंबरात बागांमधून, रस्त्यांच्या कडांनी स्त्रिया ही पाने झाडून गोळा करताना दिसतात. त्यांचे ढीग पेटवितात, धग चढली की पाणी शिंपडून विझवितात, आणि उरलेला कोळसा पोत्यांत भरून ठेवतात. हिवाळाभर तोच कांगडीत जातो. वेताच्या विणीत बसविलेले मातीचे भांडे, आत निखारे, आणि ते फेरनच्या आत पोटाशी धरलेले. ज्या घरात वीज येते-जाते आणि हीटर परवडत नाही, तेथे ही कांगडीच हिवाळा काढते.

आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘कांगडी कॅन्सर’ म्हणून दोन ओळी असत, त्या परीक्षेपुरत्या पाठ केल्याचे अनेकांना आठवत असेल. श्रीनगरात मिशनचे काम करणाऱ्या डॉ. एल्म्स्ली यांनी १८६६ मध्येच त्याची नोंद केली होती, पुढे डॉ. अर्नेस्ट नीव्ह यांनी त्यावर विस्ताराने लिहिले. वर्षानुवर्षे शेक बसून मांड्यांच्या आतील बाजूस आणि ओटीपोटावर जाळीदार डाग उमटतात, आणि काहींच्या बाबतीत त्याच जागी पुढे स्क्वेमस सेल कार्सिनोमा होतो. दीडशे वर्षांपूर्वी वर्णिलेला हा रोग आजही पाहावयास मिळतो, यात विज्ञानाचे अपयश नाही. कारण ठाऊक आहे, उपायही ठाऊक आहे. पण उबदार घर हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देता येत नाही.

पाने जाळण्याचा धूर ही दुसरी बाजू. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये श्रीनगरच्या हवेवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. हिवाळ्यात तेथील सूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण घनमीटरला ३४८ मायक्रोग्रॅमपर्यंत चढते असे त्यात आढळले. आपल्या देशाची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे. घराघरांतून जळणारा कोळसा हे त्याचे मुख्य कारण. खोऱ्याभोवती डोंगरांची भिंत, वर थंड हवेचे झाकण. धूर जाणार कोठे? आपल्या बरोबरच्यांत कोणी दम्याचा रुग्ण असेल तर संध्याकाळी लवकर खोलीवर परतावे, हे त्यावरून ओघाने आलेच. पण काश्मिरी माणसाने पाने जाळू नयेत असे आपण विमानातून उतरून सांगू लागलो तर ते शोभणार नाही. त्याच्या घरात गॅस आणि वीज पुरेशी पोचविणे हे आधीचे काम आहे.

झाडाच्या बाबतीत मात्र तेथील लोकांनी आपल्याहून अधिक शहाणपण दाखविले आहे. चिनार परवानगीवाचून तोडता येणार नाही असा कायदा तेथे १९६९ पासून आहे. खासगी जमिनीतल्या झाडालाही तो लागू होतो. अलीकडे प्रत्येक चिनाराची मोजदाद होऊन त्याला क्रमांक देण्यात येत आहे. २०२५ च्या आरंभी अशा सुमारे २९ हजार झाडांची नोंद झाल्याच्या बातम्या होत्या. रुग्णाची केसपेपरवर असते तशी झाडाची उंची, घेर आणि प्रकृती लिहून ठेवलेली. आपल्याकडे रस्ता रुंद करताना वडपिंपळांचे जे होते ते पाहिल्यावर या नोंदवहीचे मोल कळते.

आता जो प्रश्न वाचकाच्या मनात पहिल्या परिच्छेदापासून आहे त्याकडे वळतो. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरणमध्ये २६ माणसांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्रातले होते, आणि आपल्या इंदूरचेही एक गृहस्थ होते. त्यानंतर ‘काश्मीरला चला’ असे कोणी सहज म्हणावे, हे मला मान्य नाही. सरकारच्या त्या वेळच्या सूचना पाहाव्यात, कोणती स्थळे उघडी आहेत ते विचारावे, घरातल्या माणसांचे मन मोडून जाऊ नये. पण त्याचबरोबर हेही सांगावयास हवे की, त्या दिवशी पर्यटकांना वाचविताना मरण पावलेला घोडेवाला तेथलाच होता, आणि त्या हत्येनंतर ज्यांच्या शिकाऱ्या किनाऱ्याला बांधून राहिल्या तेही तेथलेच. जावे की न जावे याचा निर्णय प्रत्येकाने घ्यावा. भीतीपोटी न गेलेल्याला मी भित्रा म्हणणार नाही. मी स्वतः जाण्याच्या बाजूचा आहे. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे धावू लागली आहे. चिनाब नदीवरील ३५९ मीटर उंचीचा पूल ओलांडून साधारण तीन तासांत ती खोऱ्यात पोचविते. विमानापेक्षा हा मार्ग मला अधिक पसंत आहे; डोंगर ओलांडल्याचे निदान कळते तरी.

राहता राहिला दवाखाना. ‘आमच्या मागे रुग्णांचे कसे होणार’ हे वाक्य आपण इतक्या वेळा उच्चारले आहे की, ते आपल्याला खरेच वाटू लागले आहे. पावसाळ्यानंतरची डेंग्यू-मलेरियाची लाट नोव्हेंबरपर्यंत बहुधा ओसरू लागते, आणि दम्याच्या व हृदयाच्या रुग्णांची थंडीची गर्दी डिसेंबरात वाढते. मधला हा पंधरवडा त्यातल्या त्यात मोकळा. शल्यचिकित्सकांना ठरलेल्या शस्त्रक्रिया आठ दिवस पुढेमागे करता येतात. प्रसूतितज्ज्ञांची अडचण खरी आहे. पण तारखा नऊ महिने आधी कळणारे दुसरे कोणते शास्त्र आहे?

आपल्या मंडळात एकाच शाखेचे दोघे-तिघे तरी सदस्य आहेत. श्रावणातल्या बैठकीत त्यांनी आपसांत तारखा वाटून घ्याव्यात, एकाने दुसऱ्याचे रुग्ण पाहावेत, आणि पुढच्या वर्षी फेड करावी. एकट्याने दवाखाना चालविणाऱ्यांनी गणपतीपासूनच जुन्या रुग्णांच्या चिठ्ठीवर रजेच्या तारखा आणि त्या काळात पाहणाऱ्या डॉक्टरांचे नाव लिहावयास सुरुवात करावी. रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याऐवजी सहा आठवड्यांच्या द्याव्यात. तिकिटे त्याच सुमारास काढावीत, परतीची दोन दिवस उशिराची; बर्फ पडले तर ते दोन दिवस कामास येतात, न पडले तर नसीम बाग आहेच.